ओट्यापासून उरुळीपर्यंत

पुण्यात सकाळी दहाच्या सुमारास सोसायट्यांच्या मागच्या बोळात, पुलाखाली किंवा रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत ढकलगाड्या उभ्या असतात आणि शेजारी बसून कचरावेचक महिला माल निवडत असतात. पुठ्ठा एकीकडे, दुधाच्या पिशव्या दुसरीकडे, पाण्याच्या बाटल्या तिसऱ्या पोत्यात, पत्र्याचे डबे वेगळे, काच वेगळी. हात इतके सराईत, की प्लास्टिक चुरगाळताना होणाऱ्या आवाजावरून ते कुठल्या पोत्यात जायचं हे ठरतं. या महिला ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या सभासद आहेत. घरोघरून कचरा उचलण्याचं मासिक शुल्क आणि निवडलेल्या सुक्या मालाची विक्री या दोन गोष्टींवर त्यांचं घर चालतं. महापालिकेचा पगार त्यांना मिळत नाही.

दुधाची रिकामी पिशवी विसळून, वाळवून आलेली असेल तर ती सरळ पोत्यात पडते आणि भंगारच्या दुकानात तिचे पैसे होतात. तीच पिशवी आदल्या रात्रीच्या आमटीत भिजून, चहाच्या चोथ्यात लडबडून आली तर धुवायला रस्त्यावर पाणी नसतं आणि वाळवायला जागा नसते. मग ती कचरा डेपोकडे जाणाऱ्या गाडीत जाते. पिशवी एकाच डेअरीतून, एकाच सकाळी आलेली असते. तिचं नशीब ठरतं ते ओट्याखालच्या बादलीत.

देशातल्या शहरांत रोज सुमारे १ लाख ६० हजार टन घनकचरा तयार होतो, असं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा २०२०-२१ चा अहवाल सांगतो. एवढा मोठा आकडा ऐकला की घरातला माणूस हात टेकतो. आपल्या एका बादलीनं काय होणार, असं त्याला वाटतं. पण या कचऱ्यात निम्मा किंवा त्याहून जास्त भाग भाजीची देठं, साली, खरकटं, फुलं अशा कुजणाऱ्या वस्तूंचा असतो. उरलेल्यातला बराच भाग विकला जाऊ शकणारा कागद, प्लास्टिक, धातू आणि काच. एकट्या सालींचं खत होतं, एकट्या पुठ्ठ्याचा पुन्हा पुठ्ठा होतो. दोन्ही एका पिशवीत घातली की खतात प्लास्टिक येतं आणि पुठ्ठा नासतो. वेगळं करण्याचं काम घरात अर्ध्या मिनिटाचं असतं. मिसळल्यावर तेच काम कुणाला तरी तासन्‌तास, उघड्या हातांनी करावं लागतं.

ज्यांच्या हातांना हे काम करावं लागत होतं, त्यांनीच पुण्यात या प्रश्नाचं उत्तर प्रथम मांडलं. १९९० च्या सुमारास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या कचरावेचकांसाठी साक्षरता वर्ग चालवायला वस्त्यांमध्ये गेल्या. तिथल्या बायका पहाटे निघून कचराकुंड्या उपसत. कुत्री चावत, काचा लागत, चोरीच्या संशयावरून पोलीस हटकत. अनेकींची कुटुंबं १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून शहरात आलेली होती आणि बहुसंख्य दलित समाजातल्या होत्या. अक्षरओळख त्यांना नको होती असं नाही. पण आधी हवा होता तो न मिसळलेला, स्वच्छ सुका कचरा. काही भागांतल्या रहिवाशांना विनंती करून पाहिली, तर लोक कचरा वेगळा द्यायला तयार झाले. कुंडीत वाकून उपसण्याऐवजी दारात हातात मिळणाऱ्या मालामुळे कमाई वाढली आणि कामाची घाणही कमी झाली.

पुढे त्याच परिसरात एका उद्योजकानं गाडी लावून घरोघरचा कचरा उचलायला सुरुवात केली आणि बायकांच्या तोंडचा घास जायची वेळ आली. त्यातून संघटनेची गरज उभी राहिली. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कचरावेचकांचं अधिवेशन भरलं आणि ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही युनियन स्थापन झाली. हमालांना संघटित करून हमाल पंचायत उभी करणाऱ्या माणसाला अंगमेहनतीच्या कामाची किंमत कशी मागायची हे ठाऊक होतं. विद्यापीठातल्या त्याच कार्यकर्त्यांपैकी लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने यांनी या संघटनेची बांधणी केली. पुढं महापालिकेनं युनियनच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. देशात असं पाऊल उचलणाऱ्या पहिल्या महापालिकांत पुण्याची गणना होते. ओळखपत्र म्हणजे एक छोटा पुठ्ठाच, पण त्यानं पहाटे रस्त्यावर दिसणाऱ्या बाईला चोर समजण्याचं कारण संपवलं.

कचऱ्यातून निवडून हजारो टन वस्तू परत कारखान्यात पाठवणाऱ्या या बायका महापालिकेचा वाहतुकीचा खर्च वाचवत होत्या आणि त्याचा एक पैसाही त्यांना मिळत नव्हता. हा मुद्दा पंचायतीनं हिशेब मांडून लावून धरला. २००८ मध्ये कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेनं महापालिकेशी करार केला आणि घरोघरचं संकलन अधिकृतपणे त्यांच्याकडे आलं. आज संस्थेचे साडेतीन हजारांहून अधिक सभासद आहेत. या कराराच्या नूतनीकरणावरून वेळोवेळी वाद झाले आहेत, मोठ्या ठेकेदारांकडे काम देण्याच्या मागण्याही झाल्या आहेत. तरी कचरा निवडणाऱ्यांच्याच मालकीची संस्था एवढ्या मोठ्या शहरात इतकी वर्षं टिकते, ही गोष्ट साधी नाही. पुणेकरांनी तिची किंमत ओळखायला हवी.

न निवडलेला कचरा कुठं जातो, हे शहराला फार काळ दिसत नव्हतं. उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या हद्दीत पुण्याचा कचरा १९८० च्या दशकापासून जाऊन पडत होता. डोंगर वाढत गेला, पावसाचं पाणी त्यातून झिरपून काळपट पाझर विहिरींत उतरला आणि गावाला टँकरचं पाणी प्यावं लागलं. माश्या, दुर्गंधी, उन्हाळ्यातल्या आगी हे रोजचंच झालं. गावकऱ्यांनी अनेकदा गाड्या अडवल्या. २०१७ च्या उन्हाळ्यात डेपोला मोठी आग लागल्यानंतर सुमारे तीन आठवडे शहराचा कचरा तिथं जाऊ शकला नाही, आणि आपल्या घरातून रोज किती आणि काय बाहेर पडतं हे पुणेकरांना आपल्याच चौकात साचलेलं पाहावं लागलं. मुंबईची गोष्ट याहून जुनी आहे. देवनारला १९२७ पासून कचरा पडतो आहे. जानेवारी २०१६ मधल्या आगीचा धूर उपग्रहांनी टिपलेल्या छायाचित्रांतही दिसला होता.

या डोंगरांना आग का लागते, याचं कारण घरातल्या सालींशी जोडलेलं आहे. ओला कचरा हवा न मिळता दाबला गेला की त्यावर हवेविना जगणारे जिवाणू वाढतात आणि मिथेन वायू तयार होतो. हाच वायू गोबरगॅसच्या शेगडीत जळतो. डोंगराच्या पोटात तो साठतो आणि कडक उन्हाळ्यात एखाद्या ठिणगीनं पेटतो. पेटला नाही तर हवेत मिसळतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबानं तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवून ठेवतो. प्लास्टिक डोळ्यांना खुपतं म्हणून सगळा राग त्याच्यावर निघतो. पाझर आणि मिथेन मात्र बहुतांशी भाजीच्या देठांचे आणि उरलेल्या भाताचे असतात.

ओल्या कचऱ्याबद्दलची आणखी एक बाब लोकांच्या लक्षात येत नाही. भाजी-फळांच्या कचऱ्यात वजनाच्या तीन चतुर्थांश किंवा त्याहूनही जास्त भाग पाण्याचा असतो. म्हणजे डिझेल जाळून शहराच्या एका टोकाकडून दुसरीकडे जाणाऱ्या गाड्या मोठ्या प्रमाणात पाणीच वाहून नेत असतात. हा कचरा जिथं तयार झाला तिथंच जिरवणं, हा त्यातला सर्वांत शहाणा मार्ग.

कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी हे कितीतरी आधी सांगितलं होतं. ‘प्रयोग परिवार’ या नावानं त्यांनी शेतकऱ्यांचं आणि हौशी मंडळींचं जाळं उभारलं आणि स्वयंपाकघरातला कचरा, पालापाचोळा, उसाचं चिपाड अशा टाकाऊ वस्तूंवर गच्चीत भाजीपाला आणि फळझाडं वाढतात हे करून दाखवलं. त्यांचं ‘विपुलाच सृष्टी’ हे पुस्तक आजही गच्चीवर बाग करणाऱ्यांच्या घरी सापडतं.

घरी खत करणं अनेकजण सुरू करतात आणि महिन्याभरात सोडून देतात. कारण बहुधा वास किंवा अळ्या. दोन्हींचं शास्त्र सोपं आहे. कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांना नत्र आणि कर्ब दोन्ही लागतात. एक भाग नत्रामागे साधारण २५ ते ३० भाग कर्ब असला की त्यांचं काम चांगलं चालतं. भाजीच्या साली, चहाचा चोथा, खरकटं यांत नत्र आणि पाणी भरपूर असतं, कर्ब कमी पडतो. तो मिळतो वाळका पाला, लाकडाचा भुसा, नारळाच्या शेंड्या, पुठ्ठ्याचे कपटे यांतून. नुसताच ओला कचरा भरत गेलं की तो चिकट लगदा होऊन बसतो, हवा आत शिरत नाही, आणि हवेविना जगणारे जिवाणू कुजकट वास सोडतात. उपाय एकच: प्रत्येक वेळी ओल्याच्या वर वाळक्याचा थर.

भोकं असलेली मोठी कुंडी, माठ किंवा बादली घ्यावी. तळाशी नारळाच्या शेंड्या पसराव्यात, म्हणजे पाणी साचत नाही. साली जितक्या बारीक चिराव्यात तितक्या लवकर कुजतात. वर मूठ-दोन मुठी वाळका पाला, आणि सुरुवातीला थोडं जुनं खत, शेणाचं पाणी किंवा आंबट ताक विरजणासारखं. तीन-चार दिवसांनी काठीनं ढवळावं. मिश्रण मुठीत दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर पाला वाढवावा, हाताला कोरडं लागलं तर पाणी शिंपडावं. दीड-दोन महिन्यांत काळसर, पावसाळी मातीसारखा वास येणारं खत हाती येतं. आंबा-संत्र्याच्या साली चालतात, अंड्याची टरफलं चुरून घालावीत. हाडं, नारळाची करवंटी आणि तेलकट पदार्थांना घरातली कुंडी पुरी पडत नाही.

कुंडीत कधी करड्या, जाडसर अळ्या वळवळताना दिसतात आणि घरात आरडाओरडा होतो. त्या बहुतेक वेळा काळ्या सैनिक माशीच्या अळ्या असतात. त्या चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत आणि कचरा झपाट्यानं खाऊन टाकतात. ओलावा कमी केला, वर पाल्याचा जाड थर दिला की त्यांची संख्या आपोआप घटते. त्यांना पाहून कुंडी फेकून देणं म्हणजे फुकटचे मजूर हाकलण्यासारखं आहे.

वाळका पाला शहरात मिळणार कुठून, असं विचारणाऱ्यांसाठी पुण्यातल्या ‘ब्राऊन लीफ’ या गटाचं काम पाहण्यासारखं आहे. माघ-फाल्गुनात पानगळ सुरू झाली की सोसायट्यांमध्ये पाला झाडून पेटवून दिला जातो आणि सकाळची हवा धुरानं भरते. ज्यांच्याकडे पाला जास्त आहे आणि ज्यांना खतासाठी हवा आहे, अशांची गाठ हा गट घालून देतो. एकानं पोती भरून ठेवायची, दुसऱ्यानं नेऊन जिरवायची. यात ना यंत्र लागतं, ना अनुदान.

ओल्या कचऱ्याला खताखेरीज दुसरी वाटही आहे. पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या संस्थेनं शेणाऐवजी उरलेल्या अन्नावर चालणारं घरगुती बायोगॅस संयंत्र तयार केलं. त्याला २००६ मध्ये ब्रिटनचा अॅश्डेन पुरस्कार मिळाला. त्यामागचा विचार असा, की शेण म्हणजे गाईनं आधीच पचवून उरलेला भाग. शिळ्या भातात, पिठात, पोळीत ऊर्जा अजून शाबूत असते, त्यामुळे थोड्या मालातून जास्त गॅस मिळतो. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेलं ‘निसर्गऋण’ संयंत्र हॉटेलं, वसाहती आणि नगरपालिकांसाठी उपयोगी पडलं. सोसायट्यांना तर आर्थिक कारणही आहे: गांडूळखत, सौरऊर्जा किंवा पावसाचं पाणी जिरवणं यांपैकी एक सोय चालू असेल तर पुणे महापालिका मिळकतकरात ५ टक्के सवलत देते आणि दोन असतील तर १० टक्के. सवलत घेतलेल्या अनेक सोसायट्यांत गांडूळखताचा हौद मात्र कोरडा पडलेला असतो. सवलत घ्यायची आणि हौद बंद ठेवायचा, हा शेजाऱ्यांशी केलेला अन्याय आहे.

सुक्या कचऱ्याचं गणित बाजारावर चालतं. ज्याला गिऱ्हाईक आहे ते परत जातं, ज्याला नाही ते पडून राहतं. अॅल्युमिनियमचा डबा वितळवून नवा करायला खनिजापासून धातू काढण्याच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते, म्हणून तो रस्त्यावर फार वेळ दिसत नाही. काच कितीही वेळा वितळली तरी तिचा दर्जा उतरत नाही. पण ती जड असते, फुटते आणि भाव कमी देते, म्हणून वेचणाऱ्याला ओझ्याच्या मानानं पैसे मिळत नाहीत. कागदाचे धागे दर फेरीत आखूड होत जातात, पाच-सात फेऱ्यांनंतर ते निकामी होतात. तेल लागलेला किंवा भिजलेला कागद पहिल्याच फेरीत बाद होतो.

आणि सगळ्यांत बिकट प्रकार म्हणजे वेफर्स, बिस्किटं, शाम्पूच्या पुड्या यांची चकचकीत पाकिटं. त्यांत प्लास्टिकचे वेगवेगळे थर आणि धातूचा मुलामा एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सुटे करणं परवडत नाही. अशी पाकिटं वजनाला हलकी, संख्येनं अगणित आणि किमतीला शून्य. त्यांना सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाळलं जातं किंवा ती नाल्यात जातात. यावर घरातला उपाय पाकीट उघडण्याआधीचा आहे. दहा छोट्या पुड्यांऐवजी एक मोठी बाटली, पाकिटातल्या फरसाणाऐवजी दुकानातून डब्यात मोजून आणलेलं. कोपऱ्यावरचा वाणी आणि फरसाणवाला अजून डब्यात माल देतात. डबा न्यायची लाज तेवढी सोडायला हवी.

दुधाच्या पिशवीबाबत एक बारीकशी सवय फार मोलाची आहे. पिशवी कापताना बहुतेक घरांत कोपऱ्याचा त्रिकोणी तुकडा पूर्ण कापून टाकला जातो. तो बोटाच्या पेरापेक्षा लहान असतो, निवडताना हाताला लागत नाही, सालींबरोबर खतात जातो किंवा मोरीतून गटारात. रोज दोन पिशव्या घेणाऱ्या एका घरातून वर्षाला असे ७३० तुकडे जातात. कोपरा थोडा चिकटलेला ठेवून काप दिला, तर तो पिशवीबरोबर राहतो आणि पिशवीबरोबरच विकला जातो. पिशवीत अर्धी वाटी पाणी घालून हलवलं आणि ते पाणी चहात ओतलं, की पिशवी स्वच्छ झाली आणि दुधाचा थेंबही वाया गेला नाही. अनेक मराठी घरांतल्या आज्या हे पूर्वीपासून करत आल्या आहेत. महाराष्ट्र सरकारनं मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत दुधाची पिशवी परत करणाऱ्याला ५० पैसे देण्याची तरतूद केली होती. ती व्यवहारात रुळली नाही, आणि ते दुर्दैवाचं आहे. कारण दुकानदाराकडे परत जाणारी वस्तू कचऱ्यात पडतच नाही.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी घरानं ओला, सुका आणि घरगुती घातक असा तीन भागांत कचरा वेगळा द्यावा असं सांगितलं. तिसऱ्या भागाकडे सर्वांत कमी लक्ष जातं, आणि इजा सर्वांत जास्त त्यानंच होते. वापरलेली ब्लेडं, इंजेक्शनच्या सुया, फुटलेले ग्लास, मुदत संपलेली औषधं, पेन्सिल सेल, पारा असलेल्या जुन्या ट्यूबलाइट. मोबाइलच्या लिथियम बॅटऱ्या दाबल्या गेल्या तर पेट घेतात आणि कचऱ्याच्या गाडीत आग लागते. ब्लेडं आणि सुया एका जुन्या डब्यात साठवाव्यात, काच वर्तमानपत्रात गुंडाळून बाहेर ‘काच’ असं लिहावं. वापरलेले सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, म्हणजे निवडणारीला ते उघडून पाहावं लागत नाही, ही मोहीम ‘स्वच्छ’नं पुण्यात चालवली. दुसऱ्याच्या अंगातलं रक्त रोज उघड्या हातांनी हाताळावं लागणं ही अपमानाची गोष्ट आहे. एका लाल पेनानं ती टळते, तर ती न टाळण्याला कुठलंही कारण पुरेसं नाही.

कचरा कसा हाताळावा यापेक्षा तो तयारच कमी कसा होईल, ही बाब स्वयंपाकघराला जास्त जवळची. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार भारतातल्या घरांतून माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न वाया जातं. त्यात साली, हाडं यांसारखे न खाण्याचे भागही धरले आहेत. चौघांच्या घरात हे २२० किलो होतं. जगभरात २०२२ मध्ये वाया गेलेल्या सुमारे १०५ कोटी टन अन्नापैकी ६० टक्के घरांतलं होतं. हॉटेलं आणि लग्नाच्या पंगतींकडे बोट दाखवण्याआधी आपला फ्रिज उघडून पाहावा, असं सांगणारा हा आकडा आहे.

मराठी स्वयंपाकघरात कोंड्याचा मांडा करण्याची कला मुरलेली होती. दोडक्याच्या शिरांची चटणी, कलिंगडाच्या पांढऱ्या गराची भाजी किंवा थालीपीठ, मटारच्या सालींच्या आतला पापुद्रा काढून केलेली भाजी, फणसाच्या आठळ्या आमटीत, शिळ्या पोळीचा कुस्करा किंवा गूळ-तूप घालून लाडू, रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी. हे पदार्थ गरिबीतून आले हे खरं, पण चवीनं टिकले. आज ते मागे पडले कारण फ्रिजमध्ये डबा ठेवला की विषय संपल्यासारखा वाटतो. डबा मागे सरकत जातो आणि चार दिवसांनी वास येतो तेव्हा सापडतो. उरलेलं पुढच्या फळीवर आणि दिसेल अशा डब्यात ठेवलं तरी बराच फरक पडतो. कोथिंबीर मुळं कापून, कोरडी करून, कागदात गुंडाळून ठेवली तर आठवडाभर टिकते. ओली जुडी प्लास्टिकच्या पिशवीत दोन दिवसांत सडते. भाजी आठवड्याची एकदम आणण्यापेक्षा दोनदा आणावी, हे तर मंडईजवळ राहणाऱ्या कुणालाही जमेल.

वापरलेल्या वस्तूंसाठीही महाराष्ट्रात एक जुनी व्यवस्था होती. बोहारीण दारात येई, जुन्या साड्या-शर्ट घेई आणि बदल्यात स्टीलचं पातेलं किंवा डबा देई. घासाघीस तासभर चाले. ते कपडे पुढं जुन्या बाजारात पोचत आणि दुसऱ्याच्या अंगावर जात. जे अंगावर घालण्याजोगं उरत नसे त्याची गोधडी होई. पुण्या-मुंबईच्या काही भागांत बोहारणी अजून फिरतात, पण इमारतीच्या फाटकावरचा पहारेकरी त्यांना आत सोडत नाही. कपडे मग कचऱ्याच्या गाडीत जातात.

कचऱ्यासारखाच पाण्याच्या बाबतीतही छोट्या उपायांचा हिशेब सहज मांडता येतो. जुन्या पद्धतीच्या फ्लशच्या टाकीत दर वेळी दहा लिटर किंवा जास्त पाणी जातं. त्या टाकीत पाण्यानं भरलेली एक लिटरची बाटली, यंत्रणेला अडणार नाही अशी उभी ठेवली, तर प्रत्येक वेळी एक लिटर वाचतं. चौघांच्या घरात दिवसाला वीस वेळा फ्लश वापरला तर वर्षाला ७ हजार ३०० लिटर. उन्हाळ्यात सोसायटीत येणारा मोठा टँकर साधारण १० हजार लिटरचा असतो. घरगुती आरओ यंत्र एक लिटर पाणी गाळताना दोन-तीन लिटर बाहेर टाकतं. पुण्याला पाणी पुरवणाऱ्या खडकवासल्याच्या पाण्यात मुळात क्षार कमी असतात. तिथं साधं गाळणं आणि निर्जंतुकीकरण पुरतं. बोअरचं कठीण पाणी असेल तर आरओ घ्यावंच लागतं, पण त्याचं सांडपाणी बादलीत धरून फरशी पुसायला किंवा संडासात वापरता येतं. तांदळाचं धुवण झाडांना घालणं हे तर नवं सांगायला नको.

तळणाचं उरलेलं तेल मोरीत ओतलं की ते थंड होऊन नळीत गोठतं आणि इमारतीचं ड्रेनेज तुंबतं. वारंवार तापवलेलं तेल खाण्याला अपायकारक असतं, म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१८ पासून वापरलेलं तेल गोळा करून त्यापासून जैवइंधन करण्याचा उपक्रम सुरू केला. तो अजून मुख्यतः हॉटेलांपुरता आहे. घरात थोडंसंच उरलं असेल तर ते रद्दी कागदानं टिपून घेतलेलं बरं.

नगरपालिका मनावर घेते तेव्हा काय होतं, याचं महाराष्ट्रातलं उदाहरण सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्याचं आहे. बारा हजारांच्या आसपास वस्तीचं हे गाव. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात तिथं घरातूनच कचरा अनेक प्रकारांत वेगळा करून घ्यायला सुरुवात झाली. ओल्यापासून बायोगॅस, पाल्यापासून कांडी-कोळसा, प्लास्टिकचा चुरा रस्त्याच्या डांबरात. कचराभूमीची जागा झाडं लावून पाहुण्यांना दाखवण्याजोगी झाली आणि राज्यभरातले नगरसेवक, अधिकारी तिथं शिकायला जाऊ लागले. मोठ्या शहरांना हे जसंच्या तसं जमणार नाही. पण वॉर्ड हा अख्ख्या शहरापेक्षा कितीतरी लहान असतो, आणि वॉर्डाच्या पातळीवर न जमण्याचं कारण सापडणं कठीण आहे.

गणेशोत्सवातल्या घरगुती कचऱ्याबाबत पुण्यानं दोन चांगल्या गोष्टी केल्या आहेत. विसर्जनाच्या घाटांवर ‘स्वच्छ’च्या सभासद निर्माल्य वेगळं घेतात आणि त्याचं खत होतं. पाण्यात न विरघळणाऱ्या प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींसाठी पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं अमोनियम बायकार्बोनेटचा उपाय सुचवला: बादलीभर पाण्यात हे क्षार घालून मूर्ती त्यात ठेवली की प्लास्टर हळूहळू विरघळतं, तळाशी कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा साका बसतो आणि वर उरतं अमोनियम सल्फेटचं पाणी, जे पातळ करून झाडांना खत म्हणून देता येतं. महापालिकेनं हे क्षार लोकांना वाटले.

शाडूच्या मूर्ती यापेक्षा निश्चितच बऱ्या, पण शाडूही जमिनीतूनच उकरून काढावा लागतो आणि महाराष्ट्रात तो मुख्यतः गुजरातमधून येतो. म्हणून पुण्यात ‘पुनरावर्तन’ या मोहिमेतून घरी विसर्जन केलेल्या मूर्तींची माती गोळा करून मूर्तिकारांकडे परत पाठवली जाते. बादलीत मूर्ती विरघळली की वरचं पाणी कुंड्यांना घालायचं, खाली बसलेला गाळ वाळू द्यायचा आणि संकलन केंद्रावर नेऊन द्यायचा. मूर्ती पाण्यात सोडण्याआधी हार, दूर्वा, जानवं आणि कापडी शेला काढून ठेवायचा असतो. हे राहून गेलं तर दोऱ्यांचे धागे आणि देठं मातीत कुजून बसतात, आणि मूर्तिकाराला पुन्हा मळण्याआधी ती सगळी माती भिजवून, गाळून घ्यावी लागते.